अमेरिकेच्या अंगणात फुलवा प्रेअरीची रानफुले, पण बियाणे हवे तिथलेच!

तुमची लेक, भाऊ किंवा मैत्रीण अमेरिकेत आयोवा, इलिनॉय किंवा मिनेसोटात राहते का? मग हा लेख त्यांना नक्की पाठवा. या भागात एकेकाळी माणसाच्या उंचीचे गवत आणि त्यात रंगीबेरंगी रानफुले डोलत असत. या माळरानाला ‘प्रेअरी’ म्हणतात. शेतीसाठी नांगर फिरला आणि आयोवात त्यातले ०.१ टक्काही शिल्लक राहिले नाही. त्यातली काही फुले घराच्या अंगणात परत आणता येतात.

बियाणे कुठले, ते विचारा

फूल एकच असले, तरी प्रत्येक भागातले बियाणे तिथल्या हवामानाला सरावलेले असते. टेक्ससचे बियाणे मिनेसोटात पेरले, तर झाड उशिरा फुलते आणि बी धरण्याआधीच थंडी गाठते. आपण गावरान बियाणे जपतो, त्यामागचे कारणही हेच. नॉर्दर्न आयोवा विद्यापीठाने १९९० मध्ये उरलेल्या माळरानांवरून असे बियाणे गोळा करायला सुरुवात केली. त्यासाठी राज्याचे ३ विभाग पाडले. खरेदी करताना मूळ बी कोणत्या भागातले, हे जरूर विचारा. स्वस्त ‘वाइल्डफ्लॉवर मिक्स’च्या पाकिटात बऱ्याचदा परदेशी फुलांचे बी असते.

पेरणी अशी करा

• भरपूर उन्हाची जागा निवडा आणि आधीचे लॉन पूर्ण काढा.
• अनेक बियांना रुजण्याआधी ओली थंडी लागते. म्हणून नोव्हेंबरमध्ये पेरा किंवा ओलसर वाळूत मिसळून ३० ते ६० दिवस फ्रीजमध्ये ठेवा.
• बारीक बी खोल पुरू नका. मातीवर पसरून पायाने दाबा. खत घालू नका, त्याने तणच माजते.

धीर धरा

पहिल्या वर्षी फुले फारशी दिसणार नाहीत. रोपे आधी मुळे खोल सोडतात. तोवर तण वाढले, की वरच्या वर कापत राहा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पर्पल कोनफ्लॉवर, ब्लॅक-आइड सुझन फुलू लागतील.

मिल्कवीड मात्र विसरू नका. हे आपल्या रुईच्या कुळातले झाड. मोनार्क फुलपाखराच्या अळ्या फक्त याचीच पाने खातात. शरद ऋतूत हीच फुलपाखरे हजारो किलोमीटर उडत मेक्सिकोला जातात. त्यांच्या वाटेवर मिल्कवीडचा एक वाफा तुमच्या माणसांच्या अंगणातही असू द्या!