मॅक्सच्या शेजारची खुर्ची

27 मार्च 2025 रोजी रेड बुल रेसिंगने लियाम लॉसनला आपल्या गाडीतून खाली उतरवलं. हंगामाच्या जेमतेम दोन शर्यती झाल्या होत्या. न्यूझीलंडचा हा तेवीस वर्षांचा चालक मेलबर्नला पात्रता फेरीत अठरावा आला आणि शर्यतीत ओल्या ट्रॅकवर गाडी ठोकून बसला. शांघायला तर पात्रता फेरीत तो विसावा, म्हणजे सगळ्यांत शेवटी होता. पुढची शर्यत सुझुकाची. तिथे त्याच्या जागी जपानचाच युकी त्सुनोडा आला आणि लॉसनची रवानगी रेसिंग बुल्स या धाकट्या संघात झाली. चाहत्यांना धक्का बसला तो या निर्णयाच्या वेगाचा. बदल होणार याची कुजबुज शांघायची शर्यत संपायच्या आतच सुरू झाली होती.

फॉर्म्युला वनमध्ये कोण कुठे जाणार या चर्चेच्या मोसमाला ‘सिली सीझन’ म्हणतात. पूर्वी तो उन्हाळ्याच्या सुट्टीभोवती रंगायचा, आता बाराही महिने चालतो. कारण सरळ आहे. 2025 पर्यंत या खेळात जगभर मिळून वीसच जागा होत्या. 2026 ला कॅडिलॅकचा नवा संघ आल्यावर त्या बावीस झाल्या. करार गुप्त असतात, घोषणा संघाच्या सोयीने होते आणि एक चालक हलला की चार जण हलतात. अशा ठिकाणी वावड्या उठणारच. त्यातही गेली सात वर्षं सर्वाधिक तर्कवितर्क झाले ते एकाच जागेवरून, रेड बुलमधल्या मॅक्स व्हर्स्टॅपनच्या शेजारच्या जागेवरून. 2018 च्या अखेरीस डॅनियल रिकार्डो तिथून बाहेर पडला. त्यानंतर पिएर गॅसली, अॅलेक्स अल्बन, सर्जिओ पेरेझ, लॉसन आणि त्सुनोडा असे पाच जण तिथे बसून उठले. 2026 साठी सहावा आला आहे, इसाक हाजार.

ही जागा कोणाला मिळेल याचा अंदाज बांधताना बहुतेक चाहते एकच प्रश्न विचारतात : मोकळा असलेला सगळ्यांत चांगला चालक कोण? प्रश्न स्वाभाविक आहे, पण या जागेपुरता तो चुकीचा आहे.

2024 चं उदाहरण बघा. त्या वर्षी 1 फेब्रुवारीला फेरारीने लुईस हॅमिल्टनला 2025 साठी करारबद्ध केल्याचं जाहीर केलं आणि कार्लोस साइन्झची जागा गेली. हंगाम सुरू व्हायच्या आधीच त्याला कळलं होतं की वर्षअखेरीस आपल्याला बाहेर पडायचंय. त्याने काय करावं? अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेमुळे सौदी अरेबियाची शर्यत हुकली आणि लगेच पुढची, मेलबर्नची शर्यत त्याने जिंकली. साहजिकच चाहत्यांनी गणित मांडलं. साइन्झ जिंकतोय, तो मोकळा आहे, 2015 मध्ये टोरो रोसो या रेड बुलच्या धाकट्या संघात तो व्हर्स्टॅपनच्या बरोबरीने चालवत होता, तेव्हा रेड बुल त्यालाच घेणार. या तर्कात चूक काढायला जागा नव्हती. तरीही 4 जूनला रेड बुलने पेरेझचा करार 2026 पर्यंत वाढवला. पेरेझने पहिल्या पाच शर्यतींत चार वेळा पोडियम गाठला होता हे खरं, पण त्यानंतर उरलेल्या सबंध हंगामात तो एकदाही पोडियमवर आला नाही. जुलैअखेर बेल्जियमची शर्यत झाल्यावर पेरेझला काढणार अशी जोरदार हवा होती. सोमवारी, 29 जुलैला, संघप्रमुख ख्रिश्चन हॉर्नर यांनी तोच राहणार असं कर्मचाऱ्यांना सांगितलं. त्याच दिवशी साइन्झने विल्यम्सशी करार केल्याची घोषणा झाली.

असं का झालं, याची काही उत्तरं उघड आहेत. पेरेझच्या मागे मेक्सिकोतले मोठे प्रायोजक होते आणि मेक्सिकोत त्याची लोकप्रियता अफाट आहे. साइन्झ आणि व्हर्स्टॅपन यांच्यात टोरो रोसोच्या दिवसांत तणाव होता, हेही पॅडॉकमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. संघाला शेजारच्या जागेवर व्हर्स्टॅपनला आव्हान देणारा माणूस हवा होता का, हा प्रश्न माझ्या मते इथे निर्णायक ठरला. विजेता आधीच गाडीत बसलेला असेल, तर दुसऱ्याकडून गुण हवे असतात आणि शांतता हवी असते. त्या वर्षी शांतता मिळाली, गुण मिळाले नाहीत. व्हर्स्टॅपन 437 गुणांसह जगज्जेता झाला, पेरेझ 152 गुणांवर आठवा राहिला आणि रेड बुल संघांच्या क्रमवारीत तिसऱ्या स्थानावर घसरला. बक्षिसाची रक्कम संघाच्या क्रमांकावरून ठरते, त्यामुळे या घसरणीचा फटका थेट तिजोरीला बसला.

दुसरं कारण गाडीत दडलेलं आहे, आणि अंदाज बांधणारे नेमकं तेच विसरतात. फॉर्म्युला वनची गाडी हंगामभर सुधारत राहते, आणि त्या सुधारणा जो सर्वांत वेगवान चालक आहे त्याच्या सांगण्याकडे झुकतात. व्हर्स्टॅपनला पुढची चाकं अतिशय तीक्ष्णपणे वळणारी लागतात. मागचं टोक निसटलं तरी तो ते सांभाळून घेतो. अल्बनने एका मुलाखतीत हे फार सोपं करून सांगितलं होतं : संगणकाच्या माऊसची संवेदनशीलता शेवटच्या टोकाला नेऊन ठेवली, की बोट किंचित हललं तरी बाण पडद्याच्या या टोकाहून त्या टोकाला जातो, तशी ती गाडी आहे. अशी गाडी चालवताना चालक वळणात शिरायच्या आधीच अंग आखडतो, आणि दर फेरीला सेकंदाचे दोन-तीन दशांश तिथेच जातात.

म्हणून या खुर्चीवरून उठलेल्या माणसांची पुढची कामगिरी बघण्यासारखी आहे. गॅसली 2019 मध्ये बारा शर्यतींनंतर खाली पाठवला गेला. ऑस्ट्रियाला तर शर्यत जिंकताना व्हर्स्टॅपनने त्याला एक फेरी मागे टाकलं होतं. तोच गॅसली त्याच वर्षी ब्राझीलला टोरो रोसोच्या गाडीतून दुसरा आला आणि पुढच्या वर्षी मोंझाची शर्यत जिंकला. अल्बनने विल्यम्समध्ये जाऊन तो संघ उभा करायला हातभार लावला. पेरेझ संपला असं सगळ्यांनी म्हटलं, आणि ऑगस्ट 2025 मध्ये कॅडिलॅकने पहिल्या हंगामासाठी व्हाल्टेरी बोटासबरोबर त्याचीच निवड केली. ही माणसं रातोरात चालवायचं विसरली आणि रातोरात परत शिकली, असं कोणी म्हणणार असेल तर ते मला पटत नाही.

आता कराराकडे येऊ. ‘2026 पर्यंत करार आहे’ हे वाक्य आपण बातमीत वाचतो आणि विषय संपला असं समजतो. पेरेझचा 2026 पर्यंतचा करार जूनमध्ये झाला आणि 18 डिसेंबरला त्याची संघातून एक्झिट जाहीर झाली. दुसऱ्याच दिवशी लॉसनचं नाव पुढे आलं, ज्याच्या खात्यात तोवर फक्त अकरा शर्यती होत्या. करारात कामगिरीच्या अटी असतात, दोन्ही बाजूंना बाहेर पडायच्या वाटा असतात, आणि वाट नसेल तर पैसे मोजून ती काढता येते. रेड बुलच्या बाबतीत आणखी एक सोय आहे. 2005 च्या अखेरीस त्यांनी इटलीतल्या फाएन्झाचा मिनार्दी संघ विकत घेतला. पुढे त्याची टोरो रोसो, अल्फाटौरी, रेसिंग बुल्स अशी नावं बदलत गेली. मालक एकच असल्याने चालक वर-खाली करायला बाहेरच्या कोणाची परवानगी लागत नाही. लॉसनला दोन शर्यतींत हलवता आलं ते यामुळेच.

वाद होतोच तेव्हा तो जिनिव्हातल्या करार मान्यता मंडळापुढे जातो. संघ आपले करार या मंडळाकडे नोंदवतात. 2022 मध्ये अल्पिनने ऑस्कर पियास्त्री आपला चालक असल्याचं जाहीर केलं आणि काही तासांत त्याने स्वतःच ‘मी चालवणार नाही’ असं सांगून टाकलं. 2 सप्टेंबरला मंडळाने एकमताने कौल दिला, की वैध करार मॅक्लारेनचाच आहे. अल्पिनच्या घोषणेपेक्षा नोंदवलेला कागद खरा ठरला. मुलाखतीत कोण काय म्हणालं यापेक्षा कुठला कागद कुठे गेला, हे बघावं ते यासाठी.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण 2025 च्या उन्हाळ्यात मिळालं. फॉर्म्युला वन चालवायला सुपर लायसन्स लागतं : वय अठरा पूर्ण, आणि तीन वर्षांत चाळीस गुण. फॉर्म्युला टूमध्ये पहिल्या तिघांत आलात तर हे चाळीस एकाच हंगामात मिळतात. रेड बुलच्या तालमीतला आर्विद लिंडब्लाड तेव्हा सतरा वर्षांचा होता. आईकडून भारतीय वंशाचा हा ब्रिटिश मुलगा ऑगस्टमध्ये अठराचा होणार होता. तरीही त्याला वयात सूट मिळावी असा अर्ज आधीच केला गेला आणि जूनमध्ये या खेळाच्या जागतिक महासंघाने ती दिली. त्याच सुमारास व्हर्स्टॅपनच्या खात्यावर अकरा दंडगुण जमले होते. बारावा पडला असता तर एका शर्यतीची बंदी. दोन महिने थांबलं तर आपोआप मिळणाऱ्या परवान्यासाठी कोणी घाई का करेल? जाणत्या चाहत्यांनी तिथेच ताडलं की या मुलाला लवकरच गाडी मिळणार. डिसेंबरमध्ये 2026 साठी रेसिंग बुल्सची जागा लिंडब्लाडला मिळाली. असा अंदाज मला आवडतो. त्यात कोणाची बदनामी नाही, नियम वाचण्याची मेहनत आहे.

मुंबईकरांनीही ही शिडी जवळून पाहिली आहे. जेहान दारूवाला 2019 मध्ये फॉर्म्युला थ्रीत तिसरा आला आणि 2020 च्या सुरुवातीला रेड बुलच्या ज्युनिअर संघात गेला. फॉर्म्युला टूमध्ये कार्लिन संघात त्याचा सहकारी कोण होता? हाच युकी त्सुनोडा. हंगामाच्या शेवटी साखिरला जेहानने शर्यत जिंकली. फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय. पण त्सुनोडा एकूण गुणांत तिसरा होता आणि जेहान बारावा. त्सुनोडा थेट अल्फाटौरीत गेला. पुढची दोन्ही वर्षं जेहान सातवा राहिला आणि 2022 नंतर रेड बुलशी त्याचं नातं संपलं. त्या तीन वर्षांत ‘आपला पोरगा आता एफवनला जाणार’ अशी आशा इथे अनेकांनी बाळगली. ती खोटी नव्हती. नरेन कार्तिकेयन 2005 मध्ये आणि करुण चंधोक 2010 मध्ये तिथवर पोचले होते. मात्र तिरंग्याचे रंग मिरवणाऱ्या फोर्स इंडियाने एकाही भारतीयाला शर्यतीत उतरवलं नाही, हे आठवलं की झेंडा आणि जागा या वेगवेगळ्या गोष्टी आहेत हे कळतं.

खुद्द व्हर्स्टॅपनही या चर्चेतून सुटला नाही. त्याचा करार 2028 पर्यंतचा. तरी जून 2025 मध्ये मर्सिडीजचा चालक जॉर्ज रसेल यानेच उघड सांगितलं की मर्सिडीज व्हर्स्टॅपनशी बोलतेय. महिनाभर दुसरा विषय नव्हता. जुलैत हॉर्नर यांना पदावरून दूर केलं गेलं, तेव्हा तर व्हर्स्टॅपन जाणारच असं अनेकांनी लिहून टाकलं. 31 जुलैला हंगेरीत त्याने स्वतः सांगितलं, 2026 ला रेड बुलमध्येच. तर्काला आधार होता, निष्कर्ष चुकला. हे असं नेहमी होतं.

उरला हाजार. पॅरिसचा हा मुलगा आपल्या पहिल्याच शर्यतीत, मेलबर्नला, शर्यत सुरू होण्याआधीच्या फेरीत गाडी आपटून बसला. हेल्मेट न काढता रडत परत येत होता. वाटेत लुईस हॅमिल्टनचे वडील अँथनी यांनी त्याला जवळ घेतलं आणि त्याच्यासोबत चालत गेले. पाच महिन्यांनी झांडवोर्टला तोच तिसरा आला आणि आनंदाच्या भरात मिळालेली चिनी मातीची ट्रॉफीही त्याच्या हातून फुटली. 2 डिसेंबरला त्याचं नाव मुख्य संघासाठी जाहीर झालं. त्सुनोडा राखीव झाला. दोन्ही गाड्यांत मिळून त्सुनोडाचे वर्षभरात 33 गुण, व्हर्स्टॅपनचे 421. हे आकडे त्याच्याविरुद्ध जातात, पण हंगामाच्या तिसऱ्या शर्यतीत, दुसऱ्यासाठी घडवलेल्या गाडीत त्याला बसवलं गेलं, हेही त्या आकड्यांसोबत मोजायला हवं.

हाजारला एक फायदा आहे. 2026 पासून गाडीचे आणि इंजिनाचे नियम मुळापासून बदलत आहेत. रेड बुलचं इंजिनही फोर्डच्या साथीने त्यांनी स्वतः बनवलेलं आहे. गाडी अजून कोणाच्या सवयीने घडलेली नाही, म्हणजे तो आणि व्हर्स्टॅपन एकाच वेळी तिच्याशी ओळख करून घेतील. लॉसन आणि त्सुनोडा यांना ही संधी मिळाली नाही. दोन शर्यतींत माणूस निकालात काढणं हा त्या संघाचा दोष होता, असं माझं स्पष्ट मत आहे. हाजारला एक पूर्ण हंगाम मिळायला हवा. तो आपण चाहत्यांनी मोठ्याने मागावा, आणि पहिल्या वाईट पात्रता फेरीनंतर त्याच्या जागी कोण याची यादी करत बसू नये.