चालू-बंद होणाऱ्या स्विचमधून शुद्ध आवाज

तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत पंप, पंखे आणि टाक्यांमधली ढवळणी फिरवणाऱ्या अनेक मोटारी आता थेट विजेच्या लाइनवर चालत नाहीत. लाइन आणि मोटार यांच्यामध्ये एक पेटी असते. कारखान्यातले लोक तिला नुसते ‘ड्राइव्ह’ म्हणतात. बेलापूर ते पेंधर या मार्गावर १७ नोव्हेंबर २०२३ पासून धावणारी नवी मुंबईची मेट्रोही अशाच, पण पुष्कळ मोठ्या ड्राइव्हवर चालते. आणि शाळेच्या मैदानावर हातात धरून बोलायचा चार्जिंगचा स्पीकर घेतला, तर त्याच्या पोटातही त्याच तत्त्वाचे एक छोटे मंडल सापडते.

या तिन्ही ठिकाणी ट्रान्झिस्टर फक्त दोनच गोष्टी करतो : पूर्ण चालू होणे आणि पूर्ण बंद होणे. मोटार फिरवायला एवढे पुरेसे आहे हे पटकन पटते. पण माणसाच्या आवाजात हजार बारकावे असतात. ‘आठ’ आणि ‘साठ’ यांतला फरक फक्त ‘स’चा, आणि ‘स’ची बरीचशी ऊर्जा ४,००० हर्ट्‌झच्या वर असते. केवळ ‘हो’ आणि ‘नाही’ जाणणाऱ्या स्विचकडून हा बारकावा कसा जपला जातो? आणि जपला गेला नाही, तर तो नेमका कुठे बिघडतो?

चालू-बंद कशासाठी?

जुन्या पद्धतीच्या ॲम्प्लिफायरमध्ये ट्रान्झिस्टर अर्धवट उघडलेल्या नळासारखा काम करतो. आवाज जसा वरखाली होईल तसा तो कमीजास्त उघडतो. पण अर्धवट उघड्या ट्रान्झिस्टरवर व्होल्टेजही असते आणि त्यातून प्रवाहही वाहतो. या दोहोंचा गुणाकार म्हणजे उष्णता. प्रचलित ‘बी’ वर्गाच्या ॲम्प्लिफायरची कार्यक्षमता पूर्ण जोरावर, तीही आदर्श स्थितीत, ७८.५ टक्के असते. म्हणजे १०० वॅट आवाजासाठी सुमारे २७ वॅट उष्णता. आवाज कमी केला की टक्केवारी आणखी घसरते.

स्विच मात्र चालू असतो तेव्हा त्यावर जवळजवळ व्होल्टेज नसते, आणि बंद असतो तेव्हा त्यातून प्रवाह नसतो. गुणाकार दोन्ही वेळा शून्याजवळ. म्हणून अशा ॲम्प्लिफायरची कार्यक्षमता ९० टक्के किंवा अधिक मिळू शकते. त्याला ‘डी’ वर्गाचा ॲम्प्लिफायर म्हणतात. हा ‘डी’ डिजिटलमधला नव्हे. ए, बी, सी यांच्यानंतरचे अक्षर एवढाच त्याचा अर्थ.

बटणाएवढ्या सेलवर चालणाऱ्या श्रवणयंत्रांत ही पद्धत १९८० च्या दशकाच्या अखेरीस आली. वर्गात श्रवणयंत्र लावून बसलेल्या मुलासाठी कमी वीज आणि स्वच्छ आवाज या दोन्ही गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या असतात.

उंचीची रुंदी कशी होते?

आवाजाचा विद्युत संकेत क्षणोक्षणी उंच-सखल होतो. स्विचला उंची कळत नाही, वेळ कळते. म्हणून उंचीचे रूपांतर वेळेत करायचे. त्यासाठी एक त्रिकोणी तरंग घेतात. त्याची वारंवारता आपल्याला ऐकू येणाऱ्या २०,००० हर्ट्‌झच्या मर्यादेपेक्षा खूप जास्त, समजा ४ लाख हर्ट्‌झ, ठेवतात. आवाजाचा संकेत त्रिकोणापेक्षा वर असेल तोवर वरचा स्विच चालू, खाली असेल तोवर खालचा स्विच चालू. संकेत उंच असेल तर वरचा स्विच जास्त वेळ चालू राहतो, सखल असेल तर कमी वेळ.

यातून मिळतात चौकोनी स्पंद. सर्वांची उंची सारखी, रुंदी मात्र वेगवेगळी. शेवटी एक कॉइल आणि एक कपॅसिटर यांचा फिल्टर लावला, की ४ लाख हर्ट्‌झची फडफड गाळली जाते आणि स्पंदांची सरासरी तेवढी स्पीकरकडे जाते. ही सरासरी म्हणजेच मूळ आवाज. ड्राइव्हमध्ये हेच काम काही हजार हर्ट्‌झवर चालते, आणि तिथे फिल्टरचे काम मोटारीची गुंडाळी स्वतःच करते.

एकदा माहिती रुंदीत भरली, की ॲम्प्लिफायरचे सगळे इमान वेळेशी बांधले जाते. मंडलातला जो जो भाग स्पंदाची रुंदी बिघडवेल, तो तो आवाज बिघडवेल. मूळ संकेतात नसलेले काही तरी आवाजात येणे, यालाच आपण विरूपण म्हणतो.

मधला मोकळा क्षण

वरचा आणि खालचा स्विच एकाच वेळी चालू झाले तर वीजपुरवठा थेट शॉर्ट होतो आणि ट्रान्झिस्टर जळतात. म्हणून एक बंद केल्यावर दुसरा चालू करण्याआधी थोडा वेळ दोन्ही बंद ठेवतात. याला डेड टाइम म्हणतात. आपण मृतकाळ म्हणू.

मृतकाळात दोन्ही स्विच बंद असले तरी कॉइलमधला प्रवाह एकदम थांबू शकत नाही. तो ट्रान्झिस्टरला समांतर असलेल्या डायोडमधून वाट काढतो. प्रवाह स्पीकरकडे जात असेल तर वरचा स्पंद मृतकाळाएवढा अरुंद होतो. प्रवाह उलट दिशेने येत असेल तर तेवढाच रुंद होतो. म्हणजे चूक होतेच, शिवाय प्रवाहाची दिशा बदलली की चुकीचे चिन्हही बदलते.

किती मोठी चूक? ४ लाख हर्ट्‌झला एक आवर्तन २,५०० नॅनोसेकंदांचे. मृतकाळ २५ नॅनोसेकंद धरला तर चूक १ टक्का. वीजपुरवठा +२५ ते −२५ व्होल्ट, म्हणजे एकूण ५० व्होल्टचा असेल, तर ही चूक अर्ध्या व्होल्टची झाली. अगदी हळू आवाजात ती दिसत नाही, कारण तेव्हा कॉइलमधला प्रवाह प्रत्येक आवर्तनात दोन्ही दिशांना झुलतो आणि दोन्ही चुका एकमेकींना झाकतात. आवाज थोडा वाढला, की दोष डोके वर काढतो.

ड्राइव्हमध्येही हाच आजार आहे. तिथे ४,००० हर्ट्‌झला एक आवर्तन २५० मायक्रोसेकंदांचे आणि मृतकाळ समजा अडीच मायक्रोसेकंदांचा. चूक पुन्हा १ टक्का. कमी वेगात मोटार किंचित हिसके देऊ लागते, त्याचे हे एक कारण. त्यामुळे ड्राइव्हमध्ये प्रवाहाची दिशा पाहून स्पंदाची रुंदी आधीच दुरुस्त करण्याची सोय केलेली असते.

आलेख कागदावर करून पाहा

ही चूक नववी-दहावीच्या मुलांना आलेख कागदावर सहज दाखवता येते. २० मिलिमीटर पायाचा आणि १० घरे उंचीचा त्रिकोण काढा : १० मिलिमीटर चढ, १० मिलिमीटर उतार. २, ४, ६ आणि ८ या उंचींवर आडव्या रेषा मारा. प्रत्येक रेषा त्रिकोणाच्या वर असते ती लांबी मोजा. ती ४, ८, १२ आणि १६ मिलिमीटर येते. उंची सारख्या अंतराने वाढली, रुंदीही सारख्या अंतराने वाढली. विरूपण नाही.

आता मृतकाळ १ मिलिमीटर माना. सोयीसाठी मध्याच्या, म्हणजे ५ च्या, वर प्रवाह स्पीकरकडे जातो आणि खाली उलटा येतो असे धरा. वरच्या रुंदींतून १ वजा करा, खालच्या रुंदींत १ मिळवा. उत्तरे : ५, ९, ११, १५. फरक आता ४, ४, ४ असे न येता ४, २, ४ येतात. मधला भाग आवळला गेला. शुद्ध साइन तरंग या आवळलेल्या पट्टीतून काढला की त्याच्या तिप्पट, पाचपट वारंवारतेचे नवे सूर जन्मतात. १,५०० हर्ट्‌झच्या स्वराची तिप्पट ४,५०० हर्ट्‌झ. म्हणजे थेट ‘स’च्या प्रदेशात अतिक्रमण!

यावर पहिला उपाय सरळ आहे : मृतकाळ कमी करा. जलद ट्रान्झिस्टर असतील तरच ते जमते. १९६४ मध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने ‘एक्स-१०’ नावाचा अशा तत्त्वाचा ॲम्प्लिफायर विकायला काढला, पण त्या काळचे ट्रान्झिस्टर या कामासाठी फार मंद होते. आज गॅलियम नायट्राइडच्या ट्रान्झिस्टरमुळे मृतकाळ काही नॅनोसेकंदांवर आणता येतो.

वीजपुरवठ्याची लुडबुड

दुसरा दोष रुंदीचा नसून उंचीचा आहे. सर्व स्पंदांची उंची सारखी असते असे आपण धरले. पण ती उंची म्हणजे वीजपुरवठ्याचे व्होल्टेज. ते ५ टक्क्यांनी खाली आले तर आवाजही ५ टक्क्यांनी खाली येतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची. ती एकदिश केल्यावर १०० हर्ट्‌झची लहर उरते आणि ती आवाजावर स्वार होते. ढोलाच्या ठोक्याला पुरवठा क्षणभर दबला, तर त्याच वेळी चाललेले गाणेही दबते.

मृतकाळ शून्य केला तरी हा दोष जात नाही. इथे वेगळी युक्ती लागते.

फेरीबोटीवर सुचलेली कल्पना

ती युक्ती स्विचिंग ॲम्प्लिफायरपेक्षा जुनी आहे. २ ऑगस्ट १९२७ च्या सकाळी बेल प्रयोगशाळेतले अभियंते हॅरल्ड ब्लॅक हडसन नदी ओलांडून कामावर चालले होते. लांब पल्ल्याच्या टेलिफोन लाइनवर एकामागून एक ॲम्प्लिफायर लावावे लागत आणि प्रत्येकाचे विरूपण साचत जाई. फेरीबोटीवर त्यांना उपाय सुचला आणि त्यांनी तो हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावर मांडला. त्याचे पेटंट मिळायला १९३७ साल उजाडले.

कल्पना अशी : ॲम्प्लिफायरमधून बाहेर पडलेला आवाज मोजायचा, त्याची मूळ संकेताशी तुलना करायची, आणि जो फरक दिसेल तो उलट चिन्हाने परत आत घालायचा. हे ऋण प्रत्याभरण. शिक्षकांना प्रत्याभरण हा शब्द नवा नाही. विद्यार्थ्याचे उत्तर पाहून पुढचे शिकवणे बदलावे, तसेच हे. चूक कुठून आली याची चौकशी ते करीत नाही. मृतकाळ असो की दबलेला पुरवठा, बाहेर चूक दिसली की दुरुस्ती. दुरुस्तीच्या या वळशाची ताकद १०० असेल, तर १ टक्क्याचे विरूपण सुमारे ०.०१ टक्क्यावर येते.

मग ताकद हजार का नको?

कारण स्विच आवर्तनातून ठरावीक वेळाच निर्णय घेतो. दोन निर्णयांच्या मध्ये दिसलेली चूक त्याला पुढच्या निर्णयापर्यंत दुरुस्त करता येत नाही. फार घाई केली तर प्रत्याभरण गाळायच्या फडफडीलाच चूक समजू लागते आणि मंडल अस्थिर होते. म्हणून साध्या रचनेत वळशाची ताकद स्विचिंग वारंवारतेच्या सुमारे एक तृतीयांशाच्या आत १ पर्यंत उतरवावी लागते.

आपल्या उदाहरणात ती १ लाख हर्ट्‌झला १ होते असे धरू. मग १,००० हर्ट्‌झला ती १००, १०,००० ला १० आणि २०,००० ला फक्त ५ उरते. १ टक्क्याची चूक या तीन ठिकाणी अनुक्रमे ०.०१, ०.१ आणि ०.२ टक्के होते. चुकीचा सूर जितका उंच, तितकी दुरुस्ती दुबळी. शिवाय दोन उंच सूर एकत्र आले तर चुका ऐकू येणाऱ्या पट्ट्यातही उतरतात. ७,००० आणि ८,००० हर्ट्‌झच्या जोडीतून ६,००० आणि ९,००० चे नको असलेले सूर निघतात.

यातून सुटण्याचे तीन मार्ग वापरले जातात. एक, स्विचिंगची वारंवारता वाढवणे. पण प्रत्येक उघडझापीला थोडी ऊर्जा जाते, म्हणून फार वाढवली तर उष्णता परत येते. दोन, ऐकू येणाऱ्या पट्ट्यात वळशाची ताकद पुष्कळ ठेवून त्यानंतर ती झपाट्याने उतरवणे. तीन, प्रत्याभरण घेण्याची जागा बदलणे. स्पंद फिल्टरच्या आधी मोजले तर फिल्टरच्या चुका दुरुस्तीबाहेर राहतात, आणि मोठ्या प्रवाहाला कॉइलचा गाभा संपृक्त होऊ लागला की त्या लहान नसतात. फिल्टरच्या पुढे मोजावे, तर फिल्टर संकेताला उशीर लावतो. बेल्जियमचे अभियंते ब्रुनो पुट्झेज यांनी फिलिप्स कंपनीत असताना, २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, या उशिराचाच उपयोग केला. त्यांच्या मंडलात वेगळा त्रिकोणी तरंग नसतो. फिल्टरच्या पुढून घेतलेल्या प्रत्याभरणामुळे मंडल स्वतःच आंदोलित होते आणि तेच आंदोलन स्विचिंगचा ठेका ठरवते. अशा रचनांच्या पुढच्या पिढ्यांत विरूपण टक्क्याच्या हजाराव्या भागापर्यंत आणि त्याहूनही खाली गेले.

शाळेचा स्पीकर घेताना

एक विरूपण मात्र कोणतेही प्रत्याभरण दूर करू शकत नाही. वरचा स्विच पूर्ण आवर्तनभर चालू राहिला, की त्यापुढे रुंदी वाढवायला जागाच नसते. तरंगाचा माथा सपाट कापला जातो. आलेख कागदावर त्रिकोणाच्या टोकावरून, १२ या उंचीवर रेषा काढून पाहा : रुंदी २० च्या पुढे जात नाही.

म्हणून खोक्यावरच्या वॅटच्या आकड्याबरोबर त्याखालची बारीक ओळ वाचावी. अनेक चिपच्या माहितीपत्रकात कमाल वॅट १० टक्के विरूपण धरून दिलेले असतात. तोच ॲम्प्लिफायर १ टक्का विरूपणात साधारण एक पंचमांश कमी वॅट देतो. दोन स्पीकरची तुलना करायची तर दोन्हींचे १ टक्क्याचे आकडे घ्यावेत. आणि मैदानाच्या टोकाला आवाज पोचत नसेल, तर बटण शेवटपर्यंत फिरवण्यापेक्षा स्पीकर मुलांच्या जवळ आणावा. कापलेल्या माथ्याने गोंगाट वाढतो, शब्द नाही. आणि पटसंख्या आठ की साठ, हे शेवटच्या रांगेतल्या मुलाला कळायला हवे.