कॅमेऱ्याच्या झोळींत काय घ्यावें?

प्रवासाची झोळी दोन प्रकारांनीं भरतां येते. घरीं जें जें आहे तें तें घेणें हा एक प्रकार; जेथें जावयाचें तेथें जें लागेल तेवढेंच घेणें हा दुसरा. छायाचित्रणाची हौस असणाऱ्यांत पहिल्या प्रकारचीच माणसें अधिक आढळतात. कॅमेरा, तीन-चार भिंगें आणि तिपाई एवढें सामान एकत्र केलें कीं सहा किलोंचें ओझें सहज होतें. तें खांद्यावर घेऊन मुंबईच्या सकाळच्या गाडीनें नालासोपाऱ्यास उतरावें, तेथून पुढें वसई तालुक्याच्या किनारपट्टींतील वटार गांव गांठावें, आणि केळींच्या वाडींत शिरेपर्यंत उत्साह निम्मा ओसरलेला असावा, असें पुष्कळांचें होतें. मग झोळी उघडण्याचाच कंटाळा येतो. कॅमेऱ्यावर जें भिंग आधींपासून बसलेलें असतें त्यानेंच सारीं चित्रें घेतलीं जातात, आणि उरलेलीं भिंगें नेलीं तशींच परत येतात.

याचें कारण असें कीं, निवड करतांना प्रश्नच चुकीचा विचारला जातो. “कोणतें भिंग चांगलें?” या प्रश्नाला उत्तर नाहीं. “चित्राच्या विषयापासून किती अंतरावर उभें राहतां येईल?” हा खरा प्रश्न होय. त्याचें उत्तर मिळालें कीं भिंगाची निवड बहुतेक आपोआपच होते.

अंतराला एवढें महत्त्व कां, हें भिंगावांचूनही समजण्यासारखें आहे. सारख्या उंचीचे दोन माड एकामागें एक, पंधरा मीटरच्या अंतरानें उभे आहेत अशी कल्पना करावी. पहिल्या माडापासून पांच मीटरवर उभें राहिल्यास दुसरा वीस मीटरवर पडतो, आणि जवळचा माड दूरच्याच्या चौपट मोठा दिसतो. आतां तेथून मागें सरून पहिल्यापासून पन्नास मीटरवर जावें. दुसरा पांसष्ट मीटरवर पडतो आणि दोघांमधील फरक अवघा सव्वापटीच्या थोडा वर, म्हणजे १.३ पट उरतो. माड तेच, त्यांची जागा तीच. बदलली ती पाहणाराची. चित्रांतील वस्तूंचा परस्परसंबंध असा पायांनीं ठरतो. त्या दृश्याचा किती भाग चौकटींत घ्यावयाचा, एवढेंच भिंग ठरवितें.

प्रत्येक भिंगावर मिलिमीटरचा एक आंकडा असतो. त्यास नाभ्यंतर म्हणतात. आंकडा लहान तर दृश्य रुंद, आंकडा मोठा तर दृश्य अरुंद पण वस्तु मोठी, असा हा साधा हिशेब आहे. ३६ मिलिमीटर रुंद व २४ मिलिमीटर उंच चौकटीच्या कॅमेऱ्यावर २४ चें भिंग कोनाकोनीं सुमारें ८४ अंशांचें दृश्य घेतें. ५० चें सुमारें ४७ अंशांचें, आणि ४०० चें अवघें सहा अंशांचें. पुष्कळशा कॅमेऱ्यांची चौकट याहून लहान, दीडपटीनें कमी असते. त्यांवर ३५ चें भिंग मोठ्या चौकटीवरील ५० च्या भिंगासारखें काम देतें. पुढील सारे आंकडे मोठ्या चौकटीचे आहेत.

वटारमध्यें हें अंतर कोण ठरवितें? वाडींत जमीन ठरविते, किनाऱ्यावर पक्षी ठरवितात, आणि माणसांमध्यें रीतभात ठरविते.

वाडी म्हणजे केळी, माड, पानवेली, फुलझाडें आणि भाजीचे वाफे यांची दाट गर्दी. मधून पाण्याचे पाट आणि एका माणसापुरती पायवाट. केळीपासून तीन मीटर मागें सरलें कीं पाठ दुसऱ्या केळीला लागते. तीन मीटरवरून ५० चें भिंग सुमारें २.१ मीटर लांबीचा भाग घेतें. कॅमेरा उभा धरला तरी चार मीटर उंच केळीचा निम्माच भाग चौकटींत येतो. तेथूनच २४ चें भिंग साडेचार मीटर घेतें. केळ बुंध्यापासून शेंड्यापर्यंत सबंध मावते आणि तिच्या पायाशीं वाकून काम करणारा माणूसही त्यांत येतो. म्हणून वाडीसाठीं रुंद दृश्याचें भिंग हवें. तें जागेच्या टंचाईवरील उपाय आहे. चित्र भव्य दिसावें म्हणून तें वापरूं लागल्यास माणसांचे चेहरे ओढल्यासारखे होतात आणि माड कलतात.

वाडींतील दुसरी अडचण उजेडाची. पानांच्या छताखालीं सकाळीं नऊ वाजतांही उजेड बेताचाच असतो. भिंगाचें छिद्र किती मोठें उघडतें हें त्यावरील दुसऱ्या आंकड्यावरून कळतें आणि तेथें हिशेब उलटा असतो: आंकडा लहान तर छिद्र मोठें. १.८ चें छिद्र ५.६ च्या छिद्रापेक्षां साडेनऊपटीहून अधिक प्रकाश आंत घेतें. स्वस्तांतल्या झूम-भिंगाचें छिद्र लांबच्या टोकास बहुधा ५.६ च्या आसपासच उघडतें. त्याच्या उलट ५० मिलिमीटरचें, १.८ छिद्राचें साधें भिंग दोनशे ग्रॅमांहूनही हलकें असतें. कमी वजन आणि अधिक उजेड असा दुहेरी लाभ देणारी दुसरी वस्तु झोळींत क्वचितच सांपडेल.

पाऊस पडून गेल्यावर केळीचीं पानें आरशासारखीं चकाकतात आणि त्यांचा हिरवा रंग चित्रांत पांढुरका उतरतो. ही चकाकी ध्रुवण-फिल्टरनें बरीच कमी होते. पण त्या काचेंतून येतांना प्रकाश निम्म्याहूनही खालीं, कधीं एकचतुर्थांशावर उतरतो. म्हणून उघड्या वाफ्यावर ती उपयोगी, दाट सावलींत मात्र काढून ठेवावी.

वाडीकडून राजोडी-नाळ्याच्या किनाऱ्याकडे वळलें कीं सारें उलटें होतें. तेथें मागें सरावयास हवी तेवढी जागा आहे. पुढें जाण्यासच मनाई आहे. हिवाळ्यांत वसईच्या या किनारपट्टीवर चिखल्या, तुतवार, कुरव इत्यादि पाहुणे पक्षी उतरतात. कित्येक उत्तर व मध्य आशियांतून हजारों किलोमीटर उडून आलेले असतात. ओहोटीनें उघड्या पडलेल्या ओल्या वाळूंत त्यांना पोट भरावयाचें असतें आणि त्यासाठीं मिळणारे तास मोजके असतात. जवळून चित्र घेण्याच्या मोहानें थवा दोन-तीन वेळां उडविला, तर त्यांच्या खाण्याचा वेळ गेला आणि सांठविलेली शक्ति वायां गेली. म्हणून येथलें अंतर पक्ष्यानेंच ठरवावयाचें. तो मान उंच करून खाणें थांबवूं लागला कीं माणसानें तेथेंच थांबावें.

वीस सेंटिमीटर लांबीचा पक्षी चाळीस मीटरवर असला तर ४०० च्या भिंगानें त्याची प्रतिमा दोन मिलिमीटर, म्हणजे चौकटीच्या उंचीच्या बाराव्या हिश्शाएवढी पडते. ५० च्या भिंगानें ती पाव मिलिमीटर, म्हणजे केवळ ठिपका. पण तोच पक्षी वीस मीटरवर आला तर ४०० च्या भिंगाची प्रतिमा चार मिलिमीटर होते. अंतर निम्में झालें कीं प्रतिमा दुप्पट. हें अंतर निम्में करण्याचें काम पैसे खर्चून घेतलेलें आणखी मोठें भिंग करील. पण समुद्र तें फुकट करतो. भरती चढूं लागली कीं वाळूचा पट्टा आंखडतो आणि पक्षी आपण होऊन कोरड्या बाजूस सरकतात. तेथें आधींच निमूटपणें बसून राहिलेल्या माणसास ते जवळून दिसतात.

यासाठीं कोंकणांतील जुना हिशेब लक्षांत ठेवावा: तिथीची पाऊणपट केली कीं भरतीची वेळ अदमासें निघते. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां, द्वादशीस नऊ वाजतां. आणि तेथून सुमारें सहा तासांनीं ओहोटी. म्हणजे एकादशी-द्वादशीच्या सकाळीं भरती चढत असते, किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्यानें सूर्य पाठीमागें असतो, आणि पक्ष्यांवर स्वच्छ उजेड पडतो. तिथि न पाहतां नेलेलें मोठें भिंग पुष्कळदां रिकाम्या वाळूचें चित्र घेऊन परततें. हा अदमास चित्रासाठीं पुरेसा आहे. पाण्यांत उतरण्यासाठीं किंवा होडीनें अर्नाळ्याच्या किल्ल्यावर जाण्यासाठीं मात्र स्थानिक कोळ्यांचाच सल्ला घ्यावा.

लांब भिंगाबरोबर थरथरही वाढते. हातांत धरून चित्र घेतांना नाभ्यंतराचा आंकडा छेदीं घ्यावा ही जुनी वहिवाट: ५० ला एका सेकंदाचा पन्नासावा भाग, ४०० ला चारशेंवा. नव्या भिंगांतील स्थिरक यंत्र हाताचा कंप शोषून घेतें, पण पक्ष्याचे पंख थांबवूं शकत नाहीं; उडत्या पक्ष्यासाठीं सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहून कमी वेळच हवा. भर उजेडांत एवढा वेळ पुरतो आणि तिपाई घरीं ठेवतां येते. तिपाई लागते ती संधिप्रकाशांत, किंवा चित्राची जागा जराही हलूं द्यावयाची नसेल तेव्हां. दादासाहेब फाळक्यांनीं १९१२ सालीं ‘अंकुराची वाढ’ या लघुपटासाठीं वाटाण्याचें रोप उगवतांना एकेक चौकट करून टिपलें. तेथें कॅमेरा तसूभर हलला असता तरी सारा खटाटोप फुकट जाता.

तिसरें अंतर माणसांचें. या पट्ट्यांत सामवेदी, वाडवळ, भंडारी, आगरी, कोळी असे अनेक समाज शेजारीं नांदतात, आणि देवळें व चर्च एकाच रस्त्यावर भेटतात. कार्तिकांतील निर्मळची जत्रा असो वा एखाद्या चर्चचा सण, तेथें लांब भिंगानें कोणाचा चेहरा चोरून टिपणें हें भिंतीआडून बोलणें ऐकण्यासारखें आहे. बोलण्याच्या अंतरावर, सुमारें दोन मीटरवर, उभें राहावें, आधीं चार शब्द बोलावेत, परवानगी घ्यावी आणि मग कॅमेरा उचलावा. त्या अंतरावरून उभ्या चौकटींत ५० चें भिंग सुमारें दीड मीटर उंचीचा भाग घेतें. ओट्यावर बसून फुलें गुंफणारी बाई तिच्या टोपलीसकट त्यांत मावते. होमाई व्यारावाला यांनीं वापरलेल्या रोलीफ्लेक्स कॅमेऱ्यास एकच, न बदलतां येणारें भिंग असे आणि एका फिल्मवर बारा चित्रें निघत. आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचें बहुतेक काम ५० च्याच भिंगानें झालें. ३० जानेवारी १९४८ रोजीं, हत्येपूर्वीं थोडा वेळ, त्यांनीं गांधीजींचीं छायाचित्रें घेतलीं होतीं. एका भिंगाशीं परिचय दाट झाला कीं कॅमेरा डोळ्यास लावण्याआधींच चौकट दिसूं लागते. ती सवय पांच भिंगांच्या अदलाबदलींत लागत नाहीं.

मोबाइलचा कॅमेरा वापरणारासही हेंच लागू आहे. त्याचें मुख्य भिंग बहुधा २४ ते २८ च्या दृश्याएवढें रुंद असतें. वाडीस तें उत्तम. चेहऱ्याजवळ नेल्यास मात्र नाक मोठें दिसतें, म्हणून एक पाऊल मागें घ्यावें. आणि दूरच्या पक्ष्यांसाठीं त्याची आशाच करूं नये.

आतां झोळी भरावी. वाडी आणि माणसें पाहावयाचीं तर २४ किंवा २८ चें एक आणि ५० चें एक, एवढीं दोन भिंगें पुरेत. पक्षी पाहावयाचे तर लांब भिंग कॅमेऱ्यावर चढवूनच न्यावें आणि दुसरें काम मोबाइलवर सोपवावें. कारण वाऱ्यांत उडणारी वाळू व खारट दमट हवा यांत भिंग बदलणें म्हणजे कॅमेऱ्याच्या पोटांत वाळू घालणें होय. त्यांत एक जादा बॅटरी, एक जादा कार्ड, हवेचा फुगा, मऊ फडकें, आणि पावसाळ्यांत झोळी झांकण्यापुरता प्लास्टिकचा कागद घालावा. घरीं आल्यावर गोड्या पाण्यानें किंचित ओलसर केलेल्या फडक्यानें कॅमेऱ्याचें अंग बाहेरून पुसावें, पण वाळू आधीं फुग्यानें उडवून. नाहींतर पुसतांना ओरखडे पडतात. पावसाळ्यांत भिंगांवर बुरशी चढते. ती टाळण्यासाठीं घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर तीं ठेवावींत, चामड्याच्या पेटींत कोंडूं नयेत.

शेवटीं एक वही आणि पेन्सिल. वसई-विरार शहर महानगरपालिका २००९ सालीं स्थापन झाली, आणि त्याच्या कितीतरी आधींपासून या हिरव्या पट्ट्याच्या कडेकडेनें इमारती वाढत आल्या आहेत. आज घेतलेलें पाटाचें, मांडवावर वाळणाऱ्या राजेळी केळ्यांचें, पानवेलीच्या छायेचें चित्र उद्यां त्या गोष्टीचा पुरावा ठरूं शकेल. पण ठिकाण, तारीख आणि कामाचें स्थानिक नांव सोबत लिहिलेलें नसेल, तर तें कोणत्याही गांवच्या कोणत्याही वाडीचें होऊन बसतें. वाडींतल्या माणसास विचारून लिहिलेल्या त्या दोन ओळींचें वजन कांहींच नाहीं. आणि बहुतेक झोळ्यांत नेमकी तीच वस्तु राहून जाते.