फलाटावर राहणाऱ्याला पेन्शन मिळते का?

पूर्णा जंक्शनच्या फलाटावर राहणाऱ्या दिव्यांग माणसाला संजय गांधी निराधार योजनेचे पैसे मिळू शकतात का? हो. ऑक्टोबर २०२५पासून दिव्यांगांना महिना २,५०० रुपये. अडतं कागदांवर, म्हणून क्रम लक्षात ठेवा.

आधी आधार: घर नसेल तर तहसीलदार किंवा आमदार ठरावीक फॉर्मवर फोटोसकट पत्ता प्रमाणित करू शकतात. मग आधारला जोडलेलं जनधन खातं. मग परभणीला सरकारी रुग्णालयात तपासणी. दिव्यांगत्व किमान ४० टक्के लागतं. शेवटी महाराष्ट्रात १५ वर्षं राहिल्याचा आणि उत्पन्नाचा दाखला जोडून पूर्णा तहसीलमध्ये अर्ज. पोचपावती घ्याच!

यातला एक कागद अडला की पुढचं सगळं अडतं. म्हणून नुसती लिंक पाठवू नका. रांगेत सोबत उभे राहा.