तिबेट: शेगडी की भिंत?

तिबेटचं पठार सरासरी ४,५०० मीटर उंचीवर आहे. उन्हाळ्यात ते तापतं, वरची हवा गरम होते आणि समुद्रावरचं बाष्प भारताकडे ओढलं जातं, असं आपण शाळेत शिकलो. २०१० मध्ये विल्यम बूस आणि झिमिंग कुआंग या हवामानशास्त्रज्ञांनी या समजुतीला धक्का दिला. संगणकातल्या प्रारूपातून त्यांनी पठार काढून टाकलं, हिमालयाची अरुंद रांग तेवढी ठेवली. तरी भारतावरचा मोसमी पाऊस फारसा बदलला नाही. म्हणजे मुख्य काम भिंतीचं: उत्तरेची कोरडी, थंड हवा अडवायची. वाद अजून मिटलेला नाही.

मला मात्र मोसमी पावसाच्या या गोष्टीत पूर्व आफ्रिकेचा उंच प्रदेश जास्त रंजक वाटतो. पाठ्यपुस्तकं उगाच त्याला दोन ओळींत उरकतात. केनिया-इथिओपियाच्या या कड्याला अडून विषुववृत्त ओलांडणारे वारे दाटतात आणि सुमारे दीड किलोमीटर उंचीवर वेगवान झोत होऊन अरबी समुद्रावरून आपल्या किनाऱ्याकडे वळतात. जाताना सोमालियाजवळचं वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतात. त्याच्या जागी खालचं थंड, पोषक पाणी वर येतं, प्लवक फोफावतात, आणि ऐन पावसाळ्यात तिथला समुद्र काही अंशांनी गार होतो.