बारा खेळाडू, दोन इच्छा

कोलशेतला खाडीकाठी रेतीबंदर आहे आणि जुन्या कारखान्यांच्या जागी आता उंच इमारतींची वस्ती उभी राहिली आहे. या दोहोंमध्ये मुलांनी फुटबॉल खेळावा कोठे, हा विषय आमच्या बैठकीत वरचेवर निघतो, आणि निघाला की सारा दोष पडद्यावरच्या खेळांच्या माथी मारला जातो. निवाडा करण्यापूर्वी आरोपीची ओळख करून घ्यावी, एवढाच आमचा येथे हेतू आहे.

ओळखीसाठी या जातीतला एक जुना व साधा खेळ घेऊ. निन्टेन्डो या जपानी कंपनीने १९८३ साली जपानात 'फॅमिकॉम' नावाचे घरगुती खेळयंत्र विक्रीस आणले व त्यासाठी १९८५ साली 'सॉकर' हा खेळ काढला. पुढे १९९० नंतरच्या दशकात या यंत्राच्या नकला आपल्याकडील बाजारांत आल्या. टीव्हीला वायर जोडायची, यंत्रात कॅसेट खोचायची, की खेळ सुरू! एका बटणाने चेंडू सोबत्याकडे द्यायचा, दुसऱ्याने गोलावर मारायचा. थ्रो-इन होता, कॉर्नर होता. मात्र प्रत्येक संघात गोलरक्षक धरून खेळाडू सहाच. अकरांचे सहा का झाले, याचा उलगडा यंत्राच्या रचनेत सापडतो.

या यंत्राची कामापुरती स्मृती अवघी २,०४८ बाइट. आजच्या संगणकीय लेखनपद्धतीत देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइट घेते. म्हणजे प्रस्तुत लेख तीत भरू म्हटले, तर जेमतेम एखादा परिच्छेद मावेल! पडद्यावरचे चित्र २५६ आडव्या व २४० उभ्या बिंदूंचे. त्यात मैदान हा मागचा पडदा, आणि त्यावर हलणाऱ्या आकृत्या लहान लहान तुकडे जोडून केलेल्या. असे तुकडे एका वेळी जास्तीत जास्त ६४ दाखवता येतात. एका खेळाडूस किमान चार तुकडे धरले, तर बावीस खेळाडूंना ८८ लागतील. बारांना ४८ पुरतात, आणि चेंडूसाठीही जागा उरते.

दुसरी मर्यादा अशी की, एका आडव्या रेषेवर आठांहून अधिक तुकडे उमटत नाहीत. खेळाडूची रुंदी दोन तुकड्यांची धरल्यास एका ओळीत चारच खेळाडू बसतात. पाचवा आला की कोणी तरी दिसेनासे होते. नेहमी एकच खेळाडू नाहीसा होऊ नये म्हणून अशा खेळांत लोपण्याची पाळी आलटून पालटून दिली जाई. गर्दी झाली की आकृत्या लुकलुकतात त्या यामुळे. आम्ही मात्र तेव्हा टीव्हीवर थापटी मारत असू.

इतक्या तुटपुंज्या सामग्रीतून खेळ उभा करणाऱ्यांचे कौतुकच केले पाहिजे. काय ठेवावे आणि काय सोडावे, हे त्यांना नेमके उमगले होते. परंतु एक गोष्ट मात्र त्यांना ठेवता येण्याजोगी नव्हती. धावणाऱ्या खेळाडूंपैकी एका वेळी एकच आपल्या आज्ञेत असतो. बाकीचे आधी लिहून ठेवलेल्या नियमाने पळतात. दोघे भाऊ समोरासमोर बसले, तरी पडद्यावर खेळाडू बारा आणि इच्छा दोनच.

खऱ्या मैदानावर जितके खेळाडू तितक्या इच्छा. ज्याच्याकडे चेंडू द्यायचा तो सोबती दमलेला असेल, रुसलेला असेल, किंवा आपल्याला न सुचलेली वाट त्याला सुचलेली असेल. तरीही त्याच्यावर भरवसा टाकून चेंडू सोडावा लागतो. हा भरवसा कोणत्याही कॅसेटमधून शिकता येत नाही.

म्हणून खेळयंत्र माळ्यावर टाकून द्या, असे आम्ही म्हणणार नाही. पावसाळ्याच्या दुपारी त्याने खूप आनंद दिला आहे. मुलांचे मैदान त्याने नेले नाही. ते आपण मोठ्यांनीच आखताना विसरलो. तेव्हा यापुढे नव्या वसाहतीचा आराखडा समोर आला, म्हणजे मोटारी कोठे उभ्या करायच्या हे विचारताना, मुलांनी चेंडू कोठे मारायचा हेही आपण विचारावे.