खिडकी उघडी, तरी घर उबदार



थंडी सुरू झाली की आमच्या वस्तीत दिवस मावळताच पटापट दारं लागतात. खिडकीच्या फटीत जुनी ओढणी नाहीतर गोणपाट कोंबलं जातं. आत दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं, गॅसवर भात, टीव्ही चालू, बाळाला टोपडं घातलेलं. बाहेरून थंडीत काकडत आलेल्याला ती ऊब बरी वाटते. मलाही वाटते. मी अशाच खोलीत वाढले, आईच्या एका वाकळेत आम्ही चार भावंडं झोपायचो. त्यामुळे लहान घराला कुणी नावं ठेवली तर मला राग येतो.

पण उबदार घर वेगळं आणि कोंडलेलं घर वेगळं. हे मला कळलं ते नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. आमच्या सिस्टर ट्यूटर फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचा नियम घोकून घ्यायच्या. रुग्णाजवळची हवा बाहेरच्यासारखी स्वच्छ ठेवायची, पण रुग्णाला गारठू द्यायचं नाही. म्हणजे खिडकी उघडी आणि अंगावर घोंगडी. ऊब पांघरुणातून घ्यायची, कोंडलेल्या हवेतून नाही.

नोकरी सोडून मी वस्तीत फिरू लागले तेव्हा हा नियम सांगत सुटले. नाल्याकाठच्या गल्लीतल्या एका आजीने मला गप्प केलं. म्हणाली, "सिस्टर, खिडकी उघडली की नाला घरात येतो बघा. तुम्ही राहा एक रात्र." राहिले नाही, पण तास-दोन तास बसले आणि तिचं खरं होतं. तेव्हापासून मी आधी विचारते, खिडकी बंद का आहे? कुणी सांगतं वास येतो, कुणी डास, कुणी चोर. वयात आलेल्या मुली असलेल्या आया सांगतात, येणारे-जाणारे आत बघतात. प्रत्येक कारणाला वेगळा उपाय लागतो.

लोकांच्या नजरेची अडचण असेल तर पडदा खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागालाच लावा. दोन खिळे, एक सुतळी आणि जुन्या साडीचा तुकडा पुरतो. वरचा अर्धा भाग उघडा ठेवा. तापलेली, माणसांनी श्वासातून सोडलेली हवा वर चढते आणि तिथूनच बाहेर जाते. डासांसाठी नायलॉनची जाळी मापाने कापून चिकटपट्टीने बसवता येते, धुवायला काढताही येते. चोराची भीती असेल तर लोखंडी गज हवेतच. नाल्याचा वास मात्र पडद्याने जात नाही. तिथे समोरची नाही तर मागची किंवा पत्र्याखालची फट उघडी ठेवायची, आणि नाला साफ होईपर्यंत वॉर्ड ऑफिसात अर्जावर अर्ज द्यायचे. पोच घेतल्याशिवाय परत यायचं नाही.

एकच खिडकी असेल तर हवा फिरत नाही. तिला जायला दुसरी वाट लागते. समोरच्या भिंतीत, पत्र्याच्या खाली, दोन विटांएवढा झरोका ठेवला तरी फरक पडतो. घराची दुरुस्ती काढाल तेव्हा गवंड्याला हे आधी सांगा. टाइल्स नंतर.

आता ज्या कारणासाठी हे लिहायला घेतलं ते. मागे एका घरी गेले तर भर दुपारी खिडकी घट्ट बंद. बारावीतली मुलगी कोपऱ्यात झोपलेली. आई सांगे, अभ्यासाने थकलीय. थोड्या वेळाने मुलगी खोकली आणि आईने पटकन टीव्हीचा आवाज वाढवला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की खिडकी थंडीसाठी बंद नव्हती. खोकला शेजारी ऐकू जाऊ नये, पुढे मुलीच्या लग्नाला अडचण येऊ नये, म्हणून बंद होती. दीड महिना त्या खोलीत पाच माणसं तीच हवा घेत होती. तपासणीत मुलीला टीबी निघाला, आणि पुढे तिच्या धाकट्या भावालाही.

टीबीचे जंतू खोकल्याबरोबर हवेत जातात आणि बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. खिडकी उघडी असेल तर ते विरळ होतात, उन्हाने मरतात. ताट-वाटी वेगळी केल्याने टीबी थांबत नाही, माणसाचं मन तेवढं मोडतं. वेगळं काढणं म्हणजे काय हे आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको, निदान आपल्या घरात तरी ते करू नका. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करून घ्या. तपासणी आणि औषधं मोफत आहेत. उपचार चालू असेपर्यंत पोषण आहारासाठी बँक खात्यात पैसे येतात, नोव्हेंबर २०२४ पासून ते महिना १,००० रुपये झाले आहेत. औषधं नियमित सुरू झाली की दुसऱ्याला लागण होण्याचा धोका लवकर कमी होतो. घरातल्या बाकीच्यांचीही तपासणी करा, लहान मुलांची आधी.

हवेचा सगळा दोष घरच्या बाईवर टाकू नका. मुंबईच्या एम-पूर्व विभागातल्या तीन पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास झाला आहे. एकमेकींना खेटून उभ्या इमारती, खालच्या मजल्यांवर ना ऊन ना वारा, आणि अशा घरांत टीबीचं प्रमाण जास्त असं त्यात दिसलं. सव्वाशे वर्षांपूर्वी हे ठाऊक नव्हतं असंही नाही. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ साली सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला तो दाट वस्तीत हवा-उजेड आणण्यासाठीच. त्याच ट्रस्टने बांधलेल्या परळच्या बीआयटी चाळीत, ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत, बाबासाहेब आणि रमाईंचा संसार झाला. म्हणून तुमच्या वस्तीत पुनर्वसनाचा नकाशा घेऊन कुणी आलं, तर चौरस फुटांच्या बरोबर दोन इमारतींमधलं अंतरही विचारा. खिडकी कशावर उघडते, उजेडावर की समोरच्या भिंतीवर, हे सही करण्याआधी कळायला हवं.

शेगडीबद्दल मी कडक बोलणार आहे. कोळशाची पेटती शेगडी बंद खोलीत घेऊन झोपू नका. बाळंतिणीच्या खोलीत तर अजिबात नको. कोळशातून निघणाऱ्या विषारी वायूला ना रंग ना वास. डोकं जड होतं, झोप येते आणि माणूस त्या झोपेतून उठतच नाही. शेक द्यायचा तो दार उघडं ठेवून, कुणीतरी जागं असताना, आणि लगेच शेगडी बाहेर. मच्छर कॉइलचंही तसंच. एका कॉइलमधून निघणारे धुराचे बारीक कण शंभराच्या आसपास सिगारेटींइतके भरतात असं संशोधकांनी मोजलं आहे. त्यापेक्षा मच्छरदाणी बरी. सकाळी गुंडाळली की जागाही अडत नाही.

उन्हाळ्याचं थोडक्यात सांगते, कारण ते काम थंडी सरतानाच करायचं असतं. पत्र्याला वरून चुन्याचा पांढरा हात दिला की ऊन परत फिरतं आणि खोली काही अंशांनी निवते. पत्रा निवल्यावर संध्याकाळी मारा, चुना डोळ्यांत जाऊ देऊ नका. सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊन चढू नका, तो फुटतो. पडून कंबर मोडलेली माणसं मी वॉर्डात पुष्कळ पाहिली आहेत.

त्या मुलीच्या घरी मी परवा गेले होते. औषधांचे सहा महिने पूर्ण झालेत, पुस्तकं पुन्हा बाहेर निघालीत. खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला आईच्या निळ्या साडीचा पडदा आहे. पूर्वी आई मोरीच्या कडेला, ओलीत झोपायची, कारण बाकीची जागा सगळ्यांना वाटून संपलेली असे. आता तिची चटई खिडकीखाली आहे. मी विचारलं, थंडी नाही वाजत? म्हणाली, "वाजते की. मुलीनं तिची वाकळ मला दिलीय. तिला दुसरी शिवायला घेतलीय."